वाळूजच्या गेटवर पहिल्यांदा जाताना

"सर, दोन वर्षं घरीच होतो."

हे वाक्य मुलाखतीच्या खोलीत इतक्या वेळा ऐकलंय की बोलणाऱ्याच्या तोंडाआधी ते माझ्याच मनात वाजतं. समोर बसलेला पोरगा सेलूचा असेल, केजचा असेल, औशाचा असेल. आयटीआय झालेलं असतं, नाहीतर बी.कॉम. हाताला घट्टे असतात, बोटांच्या रेघांत काळं ग्रीस अजून दिसत असतं, आणि तोंडानं सांगतो, घरीच होतो. मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एमआयडीसीत बरीच वर्षं काढली. आता नव्या पोरापोरींच्या मुलाखतीत टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो.

हेच वाक्य मीही बोललो होतो. फिटरचा आयटीआय संपल्यावर मानवतजवळच्या एका जिनिंगमध्ये दोन हंगाम काढले होते. दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की दिवसरात्र मशीन चालायची. बेल्ट तुटला, बेअरिंग गरम झालं, मोटार बंद पडली की मलाच हाक. पैसे रोख मिळायचे, पगारपत्रक नाही की सर्टिफिकेट नाही. म्हणून पहिल्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "आयटीआयनंतर काय केलं?" तेव्हा मला वाटलं, जिनिंगचं काय सांगायचं एवढ्या मोठ्या कंपनीत. म्हणालो, घरीच होतो. त्यांनी बायोडेटा बाजूला ठेवला. पुढचा प्रश्नच आला नाही. परतीच्या गाडीत कळलं की मेंटेनन्सच्या जागेला मेंटेनन्स करून आलेला माणूस मीच होतो, आणि ते सांगायचं मीच टाळलं होतं.

त्यामुळं खाली जे लिहितोय त्यात कपडे, हस्तांदोलन वगैरे कमी आहे. केलेलं काम ओळखून ते सांगायचं कसं, हे जास्त आहे.

फोन आला की

फोनवर नुसतं "हो सर, येतो सर" म्हणून ठेवू नका. कागद-पेन घ्या आणि विचारा : कंपनीचं पूर्ण नाव काय, कोणता प्लांट, कोणत्या पदासाठी, कोणाला भेटायचं आणि किती वाजता. एकाच कंपनीचे वाळूजमध्ये दोन-तीन प्लांट असतात, वेगवेगळ्या सेक्टरला. पत्त्यात एक अक्षर आणि एक आकडा असतो. अक्षर चुकलं तर तासभर उन्हात फिराल.

आणखी एक विचारायचं : भरती कंपनीच्या रोलवर, म्हणजे थेट कंपनीची आहे, ठेकेदाराकडून आहे की अप्रेंटिस म्हणून? हे विचारलं तर राग येईल असं पोरांना वाटतं. येत नाही. उलट फोन करणारीला कळतं की याला काहीतरी समजतं. अप्रेंटिसशिप 1961 च्या कायद्याखाली येते. तिथं पगार नसतो, विद्यावेतन असतं, पीएफ कापत नाहीत, आणि मुदत संपल्यावर कंपनी ठेवून घेईलच असं नसतं. तरी पहिल्यांदा शिकायला ती जागा वाईट नाही. फक्त जाताना आपण कशासाठी चाललोय ते माहीत असावं.

फोनवरच रजिस्ट्रेशनचे, ट्रेनिंगचे, गणवेशाचे पैसे मागितले तर तिथंच विषय संपवा. नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही. मूळ गुणपत्रिका "जमा करून घेतो" म्हणणाऱ्यालाही हात जोडा. मूळ कागद दाखवायचे असतात, ठेवून यायचे नसतात.

बायोडेटा, आणि त्यातली मोकळी वर्षं

एक पान. खाली वडिलांचं उत्पन्न, धर्म, उंची, छंद लिहू नका. तो लग्नाचा बायोडेटा झाला. नाव, फोन, गाव, शिक्षण, काय काय येतं आणि आजवर काय केलं. एवढं पुरे.

खरा घोळ मोकळ्या वर्षांचा. आपल्याकडं तीन प्रकारची मोकळी वर्षं असतात, आणि तिन्ही लपवली जातात.

पहिली भरतीची. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. चार-चार वर्षं अभ्यासिकेत काढलेला, पहाटे उठून 1600 मीटर पळणारा पोरगा बायोडेटात ती वर्षं गाळून टाकतो आणि तारखांची बेरीज जुळत नाही. सरळ लिहा : 'स्पर्धा परीक्षेची तयारी, अमुक ते अमुक साल.' तुम्ही नापास झालात म्हणून समोरचा घाबरत नाही, तो घाबरतो दुसऱ्याच गोष्टीला. सहा महिने शिकवलं आणि नवी जाहिरात निघाली की हा निघून जाणार. त्यामुळं त्याचं उत्तर घरून ठरवून जा. तयारी सोडली असेल तर "सोडली" म्हणा. एक प्रयत्न द्यायचा बाकी असेल तर तेही म्हणा, "नोकरी सांभाळून देणार आहे" असं. माझा अनुभव असा की दुसरं उत्तर देणारेही घेतले जातात. पकडले जातात ते "नाही नाही, कधीच केली नाही" म्हणणारे, कारण संदर्भाला ज्या गाववाल्याचं नाव दिलेलं असतं तोच सांगून टाकतो.

दुसरी शेतीची. "घरी शेती कोण बघतं?" हा प्रश्न गप्पांसारखा वाटतो, पण तो गप्पांचा नसतो. सोयाबीन काढणीला आलं की इथल्या प्रॉडक्शन लाइनवरची हजेरी खाली येते, हे प्रत्येक सुपरवायझरला पाठ आहे. तेव्हा प्रश्नाचा अर्थ असा : सुगीत तू येशील का? भाऊ बघतो, बटईनं दिली आहे, आठ दिवसांची सुट्टी आधी सांगून घेईन, जे खरं असेल ते बोला. आईवडील ऊसतोडीला जात असतील, घर आणि लहान भावंडं सहा महिने तुमच्याच अंगावर असतील, तर तेही बोलायला हरकत नाही. त्यात खाली मान घालण्यासारखं काही नाही, आणि एवढ्या लहान वयात घर चालवलेलं माणूस लाइनवर उपयोगी पडतं.

तिसरी माझ्यासारखी, बिनकागदाच्या कामाची. जिनिंग, गॅरेज, मोंढ्यात हिशेब लिहिणं, मामाच्या कृषी सेवा केंद्रात गल्ल्यावर बसणं. कागद नाही म्हणून काम नाही असं होत नाही. पण सांगण्याची रीत आहे. एक इलेक्ट्रिशियन पोरगा आला होता, म्हणाला, "शेतातल्या मोटारी बघायचो." मी विचारलं, म्हणजे काय? मग तो खुलला : एक फेज गेला तर मोटार गुरगुरते आणि जळते, शेतकरी सारखं ट्रिप होतं म्हणून रिलेच (करंट वाढला की मोटार बंद करतो तो भाग) बाद करून टाकतात, तो पुन्हा जोडून त्याचं सेटिंग मोटारीच्या अँपिअरप्रमाणं करून द्यायचा, एका हंगामात वीस-पंचवीस स्टार्टर उघडले असतील. अख्खी मुलाखत तिथंच झाली. बायोडेटात हे एका ओळीत बसतं : 'कृषिपंपांचे स्टार्टर दुरुस्ती, दोन वर्षं, गावपातळीवर.' काय बिघडायचं, तुम्ही काय करायचात, किती वेळा केलं. या तीन गोष्टी सांगितल्या की कोणी सर्टिफिकेट मागत नाही.

कागदांचं एक. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुतेकांचं नाव आधी, आणि पॅनवर कधीकधी वडिलांच्या नावाचं नुसतं अक्षर. क्रम चालतो, पण स्पेलिंग किंवा जन्मतारीख वेगळी असेल तर पीएफचं खातं काढताना अडतं. मुलाखतीच्या आधी महिनाभर हातात असेल तर आधार दुरुस्त करून घ्या. झेरॉक्सचे दोन संच, चार फोटो, मूळ कागद एका फाइलमध्ये. फाइल प्लास्टिकची घ्या, आपल्याकडच्या वळवाच्या पावसाचा भरवसा नाही.

काम काय आहे ते बघून जा

बजाजचा कारखाना वाळूजला 1985 मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणारे कारखाने वाढत गेले. शेंद्र्याला स्कोडा, चिकलठाण्याला औषधं, जालन्यात सळई आणि बियाणं, लातूरला डाळ आणि तेल. तुम्हाला बोलावणारी कंपनी नक्की काय बनवते आणि ते कुठं बसतं, एवढं माहीत करून जा. ब्रेकचा भाग बनवत असेल तर दारातल्या मोटारसायकलजवळ उकिडवं बसून तो भाग बघा. पाच मिनिटं लागतात, आणि "आमच्याबद्दल काय माहीत आहे?" या प्रश्नाला पाठ केलेल्या इतिहासापेक्षा हे उत्तर चांगलं लागतं.

जे बायोडेटात लिहिलंय ते हातात दिलं जाईल असं समजा. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लिहिलंय? मग टेबलावर व्हर्नियर आणि एक पिन येईल. लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप, 0.02 मिलिमीटर, मायक्रोमीटरचा 0.01, हे सगळेच सांगतात. मी बघतो ते वेगळं. जबडे पुसले का, बंद करून आधी शून्य जुळतंय का बघितलं, माप तिरपं तर धरलं नाही. दहातले सात जण शून्य बघत नाहीत, हा माझा अंदाज, मोजलेलं नाही. आकडा शेवटच्या रेघेपर्यंत बरोबर नाही आला तरी चालेल, शून्य बघणारा पोरगा शिकतो.

ऑफिसच्या जागेला चाललेल्या बी.कॉम.वाल्यांचंही तसंच. 'टॅली येतं' लिहिलं तर एक खरेदी बिल टाकायला लावतील. राज्यातल्या राज्यात माल आला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, बाहेरून आला तर आयजीएसटी. महिन्याला भरणाऱ्यांचं जीएसटीआर-1 पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत आणि जीएसटीआर-3बी 20 तारखेपर्यंत. माल परत पाठवला तर डेबिट नोट कोण काढतं, क्रेडिट नोट कोण. हे वहीत वाचून जमत नाही. गावातल्या कुठल्याही कर सल्लागाराकडं आठ दिवस फुकट बसा, तो नाही म्हणणार नाही. त्यालाही महिन्याच्या 18-19 तारखेला माणूस हवाच असतो.

बोलायचं कसं

"टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ" याचं उत्तर बहुतेकांनी पाठ केलेलं असतं आणि सगळ्यांचं एकाच पुस्तकातून आल्यासारखं असतं. दुसऱ्या वाक्याला अडकलं की पोरगा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, पाढ्यासारखा. त्याऐवजी तीन-चार ओळींचं मुद्द्यांचं टिपण करा : गाव, शिक्षण, केलेलं काम, ही जागा का हवी. आणि ते मोठ्यानं बोलून बघा, शेतात, गोठ्यात, कुठंही. मनातल्या मनात सराव केलेलं तोंडात येत नाही.

भाषेची भीती मोठी. इथं मुलाखत घेणारा पुण्याचा असतो, कधी तमिळनाडूचा, कधी उत्तरेकडचा. हिंदी पुष्कळदा चालते, आणि आपली हिंदी दख्खनी वळणाची असली तरी समोरच्याला कळते. इंग्रजीत प्रश्न आला आणि समजला पण उत्तर जुळत नाही, तर "सर, मैं हिंदी में बताऊं?" असं विचारून मोकळे व्हा. विचारलेलं कधीही बरं. प्रश्न समजलाच नसेल तर पुन्हा विचारायला सांगा. अंदाजानं "येस सर" म्हणणं फार महागात पडतं. एकाला विचारलं होतं, यापूर्वी कुठं अपघात केला आहेस का, तो म्हणाला, "येस सर, टू इयर्स."

बोली लपवायची गरज नाही. "करू लालो" म्हणालात म्हणून कोणी नापास करत नाही. सर किंवा मॅडम म्हणा. आपल्याकडं मोठ्या माणसाला पटकन काका, मामा निघतं, ते गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांना गोड वाटतं, आत नको.

येत नाही ते "येत नाही" म्हणा, पण तिथं थांबू नका. "सीएनसीवर काम केलेलं नाही, पण लेथवर केलं आहे आणि ड्रॉइंग वाचता येतं." पहिल्या अर्ध्या वाक्यानं विश्वास बसतो, दुसऱ्या अर्ध्यानं काम होतं.

मुलींना एक प्रश्न हटकून येतो : लग्न झाल्यावर नोकरी सोडणार का? विचारू नये असाच तो प्रश्न आहे, तरी विचारतात. चिडून फायदा नाही, खुलासेही नकोत. "माझा नोकरी करण्याचा विचार पक्का आहे" एवढं बोलून थांबा. उलट तुम्ही विचारा : दुसऱ्या पाळीनंतर कंपनीची बस आहे का, ती कुठपर्यंत सोडते, अंतर्गत तक्रार समिती आहे का. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी ती असावीच लागते. या प्रश्नावर समोरचा गडबडला तर तुम्हालाही त्या जागेबद्दल काहीतरी कळलं.

आडनावावरून पुढचे प्रश्न सुरू झाले तर गाव सांगा, तालुका सांगा आणि बोलणं कामाकडं वळवा.

जायचा दिवस

दहाची मुलाखत असेल तर पहाटेच्या पहिल्या गाडीवर भिस्त ठेवू नका. परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिवकडच्यांनी आदल्या दिवशीच यावं. बजाजनगर, रांजणगाव, सिडको, कुठं ना कुठं गावाकडचं कोणीतरी खोली करून राहतंच. रात्रीपुरती पथारी टाकायला जागा मिळते.

कंपनी शेंद्र्याला असेल आणि तुम्ही जालन्याकडून बसनं येत असाल तर शहरात जाऊ नका. करमाड गेलं की शेंद्रा, तिथंच उतरा. पुष्कळ पोरं मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत जाऊन तेवढंच उलटं येतात. वाळूजला जाताना शेअर रिक्षावाला "पंढरपूर, पंढरपूर" ओरडत असतो. ते विठोबाचं नव्हे, वाळूजजवळचं गाव. बसा. सकाळी शिफ्ट सुटायच्या-भरायच्या वेळेला नगर नाक्यापासून पुढं रस्ता तुंबतो, त्याचा अर्धा तास वेगळा धरा.

कपडे धुतलेले आणि इस्त्रीचे. टाय नको, उन्हाळ्यात तर नकोच. पायात बूट मात्र हवेत, चप्पल असेल तर शॉपमध्ये, म्हणजे मशीन चालतात तिथं, सोडत नाहीत, आणि "चला, लाइन बघू" असं म्हणाले तर तुम्ही बाहेरच राहाल. गेटवर फोन जमा करतात किंवा कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, म्हणून कोणाला भेटायचं ते नाव कागदावर हवं, फोनमध्ये नको. तंबाखूची पुडी घरी ठेवून या. खिसे तपासतात, आणि दाढेत धरलेली असेल तर बोलताना कळतंच.

शॉपमध्ये नेलं तर पिवळ्या पट्ट्याच्या आतून चाला, कशाला हात लावू नका, आणि बघा. मला विचाराल तर खरी मुलाखत तिथं होते. "काय दिसलं?" असं मी परत आल्यावर विचारतो. तेलाचा डाग, बाजूला लाल पेटीत टाकलेला माल, एका मशीनवर दोन ऑपरेटर, काहीही चालतं. "सगळं छान आहे सर" म्हणणाऱ्यानं काहीच बघितलेलं नसतं.

पैशाचं बोलणं

पगार आपण होऊन आधी काढू नका, पण त्यांनी काढला तर लाजू नका. सीटीसी (कंपनीला तुमच्यापायी येणारा एकूण खर्च) आणि हातात येणारी रक्कम यांत फरक असतो. एक हिशेब देतो. महिन्याचा सीटीसी 20,000 सांगितला. त्यात कंपनीनं भरायचा पीएफ आणि ईएसआय (कामगार विम्याचा हप्ता) धरलेला असतो, म्हणून तुमचा एकूण पगार साधारण 17,500. मूळ पगार 15,000 धरला तर त्याच्या 12 टक्के, म्हणजे 1,800 पीएफला. ईएसआय 0.75 टक्के, म्हणजे 132. व्यवसाय कर 200. हातात उरले 15,368. मुलींना 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही, त्यांना 200 जास्त. यातून खोलीभाडं आणि डबा वजा करून बघा, आणि तो आकडा घरी आईला सांगा, 20,000 चा नको.

विचारायचं ते असं : "सर, हातात किती येतील? कॅन्टीनचे आणि बसचे कापतात का? ओव्हरटाइम कसा धरतात?" कायद्यानं ओव्हरटाइम दुप्पट दरानं आहे. मिळतो का, ते आतल्या एखाद्या गाववाल्याला विचारा, साहेबांना नको.

"अपेक्षा किती?" असं विचारलं तर "तुम्ही द्याल ते" म्हणू नका. ते नम्रपणाचं वाटतं, पण समोरच्याला वाटतं की याला कशाचाच अंदाज नाही. तुमच्याच ट्रेडच्या, तुमच्याच बॅचच्या दोघांना आधी विचारून घ्या आणि आकडा सांगा.

नंतर

"कळवतो" म्हणाले की कधीपर्यंत, ते विचारून उठा. सांगितलेला दिवस गेला तर एक फोन करा. रोज नको. बोलावलं तर जॉइनिंग लेटर हातात घेतल्याशिवाय आधीचं काम सोडू नका, आणि त्यावर पद, पगार आणि कोणाच्या रोलवर हे तिन्ही लिहिलंय का ते बघा. दुसरीकडं काम मिळालं म्हणून जायचं नसेल तर तेही कळवा. आपल्या तालुक्यातली पोरं जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद करून बसतात, आणि मग पुढच्या वर्षी त्याच गावच्या दुसऱ्या पोराचा बायोडेटा आला की माझ्या शेजारचे साहेब गावाचं नाव वाचून माझ्याकडं बघतात.